फिलिप्पाचा बुधला

मेस्सिना,
१४ जानेवारी १९९२

ती. कंदेलोरामावशीस,
नुन्झियाचा सा. न. वि. वि.

"फिलिप्पाच्या बुधल्याला कुणी हात लावायचा नाही." आई गेली त्या दिवशी नाना तळघराच्या पायऱ्यांवर उभं राहून असं म्हणाले होते. मी चार वर्षांची होते. त्या दिवसाचं मला दुसरं काही आठवत नाही, आईचा चेहरासुद्धा नाही, पण हे वाक्य आठवतं. आईच्या लग्नासाठी नानांनी स्वतःच्या हाताने स्पंजावर बर्गामोटच्या आंबट फळांच्या साली पिळून तेलाने भरलेला तो तांब्याचा बुधला अजून कोनाड्यात आहे ना? सहज विचारते.

मी बरी आहे. तू पाठवलेली अंजिरं आठ दिवसांत संपली, त्यातली निम्मी प्रयोगशाळेतल्या मुख्य बाईंनी खाल्ली. सामुद्रधुनीवर चार दिवस वारा होता, बोटी बंद होत्या, म्हणून पत्राला उशीर.

आता खरं सांगते. गेल्या आठवड्यात बर्गामोट संघाकडून तेलाचे साठ नमुने तपासायला आले. बाटल्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. कुणाचं तेल आहे ते आम्हाला कळू नये म्हणून. पण एक्केचाळीस नंबरच्या बुचाला दोरा होता आणि त्याची गाठ उलट्या वळणाची होती. नाना डावखुरे होते, त्यांनी तुला गाठ शिकवली, तू आम्हाला. आपल्या किनाऱ्यावर दुसरं कुणी तशी गाठ मारत नाही. मी ती सोडवली आणि दोरा एप्रनच्या खिशात टाकला. तेव्हाच बाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

नानांची गर काढायची सुरी तुझ्याकडे असेलच, चमच्यासारखी वाकलेली. लोहाराने ती मुद्दाम डाव्या हातासाठी घडवली होती. दुसऱ्या कामगारांच्या सुरीशेजारी ठेवली तर लोखंड तेच, वजन तेच, लांबी तीच. फक्त पात्याचा बाक आरशात दिसावा तसा उलटा. तराजूला फरक कळायचा नाही, हाताला धरताक्षणी कळायचा. तेलातले सुगंधाचे रेणू असेच असतात, दोन हातांचे. बर्गामोटचं झाड एका हाताचे रेणू घडवतं. तोच सुगंध कारखान्यात रसायनांपासून बनवला तर निम्मे उजवे, निम्मे डावे पडतात, आणि स्वस्त पडतात. आजवर आमची साधनं तराजूसारखी होती, म्हणून लबाडी खपून जायची. आता आमच्याकडे केसाएवढी बारीक, लांबच लांब नळी आली आहे. तिच्या आत जणू एकाच बाजूचे हात ओळीने लावलेले आहेत. एक जात त्यांच्यात नीट बसते आणि रेंगाळते, दुसरी निसटून आधी बाहेर पडते. मग मोजता येतं.

एक्केचाळीस नंबरात शंभरातले चार उलटे निघाले. शंभरात एकही चालत नाही.

संघाचा नियम तुला ठाऊक आहे. भेसळ ठरली की नाव कायमचं कापतात, मग एकही व्यापारी दारात येत नाही. तेल आता दादाच्या नावाने जातं, आणि त्याचं लग्न ईस्टरनंतर आहे. अहवाल वीस फेब्रुवारीला जायचा आहे.

तेव्हा मला एवढंच कळव, की दादाकडे हल्ली कोण नवी माणसं येतात? घरात कुठलं पिंप, कुठला डबा नव्याने आला आहे का? त्याला मात्र यातलं काही बोलू नकोस.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
नुन्झिया

~

पालिझ्झी,
२१ जानेवारी १९९२

चि. नुन्झिया हीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, रागात. दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि मग जास्तच राग आला. चाळीस वर्षं हे हात तेलात आहेत, आणि तू मला सुऱ्यांच्या गोष्टी सांगतेस. तेल ओळखायला आपल्याकडे नाक असतं. व्यापारी यायचा, चिठ्ठीवर थेंब टाकायचा, कोपऱ्यात जाऊन वास घ्यायचा, आणि मान डोलवायचा किंवा टोपी घालून चालू पडायचा. तुझ्या नळीला नाक आहे का? ती कुठून आली, कोणी विकली, त्याचा बर्गामोटशी काय संबंध, हे तुमच्या बाईंनी कधी विचारलं का? मला तर त्या नळीचाच संशय येतो. आणि माझी अंजिरं खाणाऱ्या तुमच्या बाईंचाही येतो.

पण तू विचारलंस म्हणून, आणि मनात ठेवलं तर मला झोप लागणार नाही म्हणून, लिहिते. तुझ्या दादाचं, साव्हेरिओचं, काहीतरी चाललं आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता तो हात घासून धुतो, स्वच्छ शर्ट घालतो आणि रेज्जोच्या गाडीने जातो. रात्रीच्या जेवणाला येतो तेव्हा गप्प. कुठे होतास म्हटलं तर म्हणतो, कामाला. मी त्याचे शर्ट धुते, मला कळतं. उजव्या बाहीवर पांढरी पावडर असते. पीठ नाही, चुना नाही. जिभेला लावून पाहिली, चव नाही. त्याच्या होणाऱ्या बायकोला, तेक्लाला, विचारलं तर ती लाल झाली आणि भांडी घासायला उठली. भांडी घासलेलीच होती.

आणि पिंपाचं म्हणशील तर तेक्लाच्या बापाच्या अंगणात एक निळं पिंप आलं आहे, त्यावर गोणपाट टाकलेलं. मी त्यांच्याकडे गेले की कुणीतरी मधे उभं राहतं.

मी त्याला वाढवलं, नुन्झिया. तुम्हा दोघांनाही. तो चोर असेल तर तो माझ्या ताटात जेवून चोर झाला.

बुधला जिथे होता तिथेच आहे. मेणाचा शिक्का जागेवर आहे. त्याची चौकशी नको.

दोन तारखेला माझ्या नावाचा सण, मेणबत्त्यांची मिरवणूक. दरवर्षी तू येतेस, यंदा नळी सोडेल का? मासा खात जा, तिकडे चांगला मिळतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी,
कंदेलोरा

~

मेस्सिना,
२७ जानेवारी १९९२

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी दादाचा प्रत्येक शब्द आठवून तपासते आहे. नाताळात तो म्हणाला होता, की दोन वर्षांनी बघ, आपल्या तेलाला कुणी नाव ठेवणार नाही. तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता वाटतं, त्याला काय म्हणायचं होतं? बटाट्याची भाजी वाढताना तो मला म्हणाला, की तुम्हा शिकलेल्यांना वाटतं आम्हाला काही कळत नाही. मी हसले होते. आता हसू येत नाही. माणूस एकदा संशयाने बघायला लागला की बटाट्याची भाजीसुद्धा साक्षीला येते.

भेसळीचा सुगंध पातळ द्रव असतो, त्याची पावडर होत नाही. त्यामुळे ती बाही माझ्या डोक्यात बसत नाही. निळं पिंप मात्र बसतं.

अजून एक वाट आहे. कदाचित आपल्या झाडांचंच काही वेगळं असेल. नानांनी ती नारंगीवर कलम केली तेव्हा काय, कसं, कोण जाणे. तसं असेल तर दोष कुणाचाच नाही. हे पडताळायला मला त्याच झाडांचं जुनं तेल हवं, कुणाच्याही मनात पाप येण्याआधीचं. तसं तेल जगात एकच आहे. आईच्या बुधल्यातलं एक चमचाभर, मावशी. शिक्का मोडू नकोस, झाकणाजवळ सुईने बारीक भोक पाडलं तरी चालेल, वरून पुन्हा मेण लावता येईल. नानांनी मना केलं होतं, मला माहीत आहे. पण नानांचं नाव जाण्यापेक्षा हे बरं. त्यात एकही उलटा निघाला नाही तर दादाला मी समोर बसवून विचारीन. निघाला, तर आपण सगळे सुटलो.

आणि रागावू नकोस, एक विचारते. तुझ्या पत्रात पाव पान माझ्या नळीवर आहे, अर्धं पान दादाच्या बाहीवर, आणि बुधल्यावर तीन वाक्यं. तू कुठल्याच गोष्टीबद्दल तीन वाक्यांत थांबत नाहीस. कोंबडीने अंडं दिलं तरी तुझं पान भरतं.

सणाला येत नाही. आले तर दादाच्या तोंडाकडे बघत बसेन. माझ्या नावाची मेणबत्ती तूच लाव.

लोभाला खंड पडू नये.

तुझी,
नुन्झिया

~

पालिझ्झी,
३ फेब्रुवारी १९९२

चि. नुन्झियास,
साव्हेरिओचे आशीर्वाद. ते तुला लागतात का ते माहीत नाही.

पोस्टातल्या बाईने तुझं पत्र माझ्या हातात दिलं. पाकिटावर मावशीचं नाव होतं, तरी फोडलं. मावशीला दाखवलेलं नाही. ती चार दिवस वाट बघतेय आणि पोस्टाला शिव्या देतेय.

तर मी चोर. बरं. आता चोराचा जबाब घे.

निळ्या पिंपात मीठपाण्यातले ऑलिव्ह आहेत. लग्नाच्या जेवणासाठी. मावशी जाताना बोट बुडवून चाखते आणि मीठ कमी म्हणते, म्हणून तेक्लाची आई मधे उभी राहते.

पावडर खडूची आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी रेज्जोला शाळेत जातो. शेतकी पदविकेचा दुपारचा वर्ग आहे, मोठ्यांसाठी. दुसरं वर्ष चालू आहे. मास्तर मला फळ्याकडे बोलावतो आणि गणित मांडायला लावतो, मी बाहीने पुसतो. वर्गात माझ्यापेक्षा म्हातारा एकच, तो पोस्टमन आहे आणि झोपतो. हे तेक्ला सोडून कुणाला माहीत नाही. तुला तर शेवटी सांगणार होतो, जूनमध्ये, कागद हातात घेऊन. घरात एक प्रयोगशाळेतली डॉक्टरीण असली की दुसऱ्याने काठावर पास झालेलं सांगायला तोंड होत नाही. मला कधी कुणी पाठवलं नाही, तर मी स्वतःच गेलो, एवढंच. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. थोडं वाटलं तर वाटू दे.

तेल मी जसं मशीनमधून येतं तसं भरलं. त्यात थेंब घातला असेल तर माझा हात झडो.

काल मावशी मेणबत्ती घेऊन मिरवणुकीला गेली तेव्हा मी तळघरात उतरलो. भोकबिक पाडलं नाही. नाना गेले, आता घरचा पुरुष मी आहे. शिक्का मोडला. मेणाचे दोन थर होते, वरचा पिवळा, आतला पांढरा पडलेला. ओलीमुळे असेल. चमचाभर काढून बाटलीत भरलं, ती सोबत पाठवतो. तेक्लाचा भाऊ बोटीवर आहे, तो हातात देईल. शिक्का पुन्हा लावला आहे, मावशीला कळणार नाही.

एक सांगतो आणि पत्र पुरं करतो. झाकण निघालं आणि आई खोलीत आली. मी सहा वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. तिचा चेहरा मला फोटोतून माहीत आहे, आवाज तर गेलाच. पण तो वास तिचा होता, गळ्याशी घेतल्यावर यायचा तो. मी पायरीवर बसलो. घंटा वाजली तेव्हा उठलो. तेक्लाच्या रुमालाला पहिला थेंब याच तेलाचा लागणार, आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे. तू नळीत घालून ते तेल बाटवू नकोस म्हणणार होतो, पण घाल. घाल आणि बघ.

मन लहान करू नकोस.

तुझा दादा,
साव्हेरिओ

~

मेस्सिना,
११ फेब्रुवारी १९९२

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दादाला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात फक्त माफी आहे, दुसरं काही नाही. तो तुला शाळेचं सांगेलच. नाही सांगितलं तर तुला माहीत नाही असं दाखव, आणि पावडर पुन्हा चाखू नकोस.

आईचा बुधला उघडला गेला आहे. माझं मागच्या खेपेचं पत्र दादाच्या हाती पडलं, त्याने चमचाभर तेल मला पाठवलं. रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव.

त्यात शंभरातले अकरा उलटे निघाले.

मी सुटकेचा श्वास घेतला, एक घटकाभर. म्हणजे झाडांचाच दोष. मग आपल्या मळ्यातली सालं मागवली होती, दादानेच पाठवली होती, ती हाताने पिळून पाहिली. एकही उलटा नाही. झाडं स्वच्छ आहेत. मग दोन दिवस मी नानांना चोर मानलं. आपल्या नानांना! स्पंज पिळून पिळून ज्यांचा अंगठा कायमचा वाकला होता, त्यांना. दादा झाला, आता मेलेल्या माणसावर आले. मला स्वतःची किळस आली, तरी मी थांबले नाही. असला संशय स्वतःहून थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी कागदावर ती गोष्ट दिसली जी पहिल्यापासून समोर होती. तेलात दोन मुख्य सुगंध असतात, आम्ही एकाला लिनालूल म्हणतो आणि दुसरा त्याचाच जोडीदार, ॲसिटेट. तेलाचा भाव या जोडीदारावर ठरतो, म्हणून भेसळ करणारा तोच आधी घालतो. एक्केचाळीस नंबरात आणि आईच्या बुधल्यातही जोडीदार अगदी शुद्ध आहे, सगळा एका हाताचा. उलटं झालं आहे ते फक्त लिनालूल. असं कारखान्याच्या मालाने होत नाही. जुनं झाल्यानेही होत नाही. तेल म्हातारं होतं, कडवट होतं, पण त्याचे हात बदलत नाहीत. हे होतं आंबट पाण्यात उकळल्याने. तापलेल्या आंबट पाण्यात सुरीचं पातं मुठीतून सुटतं आणि पुन्हा बसतं, आणि कुठल्या बाजूने बसेल याचा नेम राहत नाही.

मावशी, तुझी नारिंगाच्या फुलांचं पाणी काढायची ती तांब्याची भट्टी अजून चुलीवर असते का? मशीनमधून सालीचं जे आंबट, गढूळ पाणी बाहेर पडतं, ते ओतून दिलं जातं असं दादा समजतो. ते खरंच ओतलं जातं का?

मी बाईंना सगळं सांगितलं. दोरासुद्धा खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, की नमुना त्या स्वतः पुन्हा तपासतील आणि अहवालावर माझी सही नसेल. पुढे म्हणाल्या, की घरचंच तेल उकळून मिसळलं असेल तर ती भेसळ नाही, पण पिळलेलं म्हणून विकता येणार नाही. माल हलक्या प्रतीत जाईल, वर्षभर नजर राहील, नाव मात्र कापलं जाणार नाही. त्यासाठी ज्याने उकळलं त्याने तसं लिहून सही करायला हवी. आणि हे साव्हेरिओने रचलेलं नाही याला पुरावा म्हणून बुधल्याचा आकडा जोडायचा. कारण बुधल्यात ते गेलं तेव्हा दादा घरी नव्हता, असं मला वाटतं.

का वाटतं, ते सांगते. मेणाचे दोन थर होते, म्हणजे शिक्का आधीही एकदा मोडला गेला होता. ब्याऐंशी साली दादा वर्षभर उदिनेला सैन्यात होता. त्याच साली बाबा बेल्जियमच्या ज्या खाणीत कामाला होते तिथले पैसे आले असं तू म्हणालीस, आणि मी शिकायला बोटीत बसले. बाबा जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. खाणीच्या कचेरीचा पत्ता मी काढला आहे. पत्र लिहिलेलं नाही. लिहू, की तूच सांगतेस?

दादाला मी बुधल्याचा आकडा कळवलेला नाही. तो विचारतोय.

तुझ्या लोभावर अजून माझा हक्क आहे असं धरून चालते.

तुझी,
नुन्झिया

~

पालिझ्झी,
१५ फेब्रुवारी १९९२

चि. नुन्झिया हीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

खाणीच्या कचेरीला लिहू नकोस. त्यांनी कधी काही पाठवलं नाही.

वेगळा कागद सोबत आहे, त्यावर सही केली आहे. मी, कंदेलोरा, मशीन आलं त्या सालापासून सालीचं पाणी दरवर्षी चुलीवर उकळते आणि निघेल ते तेल पहाटे साव्हेरिओच्या पिंपात ओतते. त्याला माहीत नाही. पाणी नेऊन ओतायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून कळायचा प्रश्नच आला नाही. यात मला चोरी वाटली नव्हती, अजूनही नीट वाटत नाही. माझ्या आईने थेंब फुकट घालवला की आम्हाला चिमटा बसायचा. गटारातून सोन्यासारखा वास येत असताना मी हातावर हात ठेवून बसणार होते का? आपल्याच झाडाचं, आपल्याच चुलीचं. त्यात पाती सुटतात नि उलटी बसतात हे मला कोण सांगणार होतं? आणि एवढं करून मी साव्हेरिओची बाही चाटून बघत होते. ती गोष्ट सहीच्या कागदात लिहिली नाही, ती तुझ्यामाझ्यात राहू दे.

आता बुधल्याचं. तुझं प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा घरात तेल सोडून काही नव्हतं, आणि त्या साली थंडीने फळ गेलं होतं. व्यापारी म्हणाला, जुनं स्पंजाचं तेल असेल तर तोंडाने मागाल ते देईन. मी तीन रात्री त्या कोनाड्यासमोर बसले. फिलिप्पाला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, ती जिवंतपणीही कमीच बोलायची. तीन हिस्से केले, दोन विकले. बुधला हलका लागला तर नाना ओळखतील म्हणून माझं उकळलेलं तेल वरून भरलं आणि मेण लावलं. नाना दर रविवारी तो उचलून बघायचे. वजन बरोबर भरायचं. मरेपर्यंत त्यांना कळलं नाही, म्हणजे तू म्हणतेस तसं, तराजूला कळत नाही.

त्या शिक्षणाने तू मला पकडलंस. याचं मला वाईट वाटत नाही, हे लिहून ठेवते. तू हुशार व्हावीस म्हणूनच तर ते केलं होतं.

साव्हेरिओने मला शाळेचं सांगितलं. परवा, जेवताना, मान खाली घालून. मी ताट तसंच ठेवून उठले. त्याला वाटलं मी रागावले. मी आत जाऊन एप्रनने तोंड दाबून उभी होते. ब्याऐंशी साली तो उदिनेहून पत्रात विचारत होता, की परत आल्यावर शेतकीच्या शाळेत जाऊ का, पैसे असतील का. मी उत्तर दिलं होतं, नाहीत. ते पत्र मी टपालात टाकलं त्याच आठवड्यात तुझी फी भरली.

आता तो जूनची वाट बघतो, आणि रविवारी तळघरात जातो. मला दिसतं. मेण तो आता घट्ट लावत नाही, वास यावा म्हणून. वर येतो तेव्हा त्याचा चेहरा सहा वर्षांचा असतो. तेक्लाला म्हणाला, की माझी आई तुला लग्नात भेटेल.

म्हणून मागते. अहवालात माझं नाव घाला, भट्टी घाला, सगळी वर्षं घाला. माल हलक्या भावात जाऊ दे. पण फिलिप्पाच्या बुधल्याचा आकडा त्यात घालू नका. अहवालाची प्रत मालक म्हणून साव्हेरिओकडे येईल, तो आता अशी कागदपत्रं नीट वाचतो, आणि त्याला एका ओळीत कळेल की पायरीवर बसून त्याने ज्याला आई म्हटलं त्यातले दोन हिस्से मावशीच्या चुलीचे आहेत, आणि आईचे दोन हिस्से तुझ्या पुस्तकांत गेले. तो मला क्षमा करील. तुलाही करील. पण रविवारी खाली जाणार नाही.

त्या आकड्याच्या बदल्यात मी येते. तुझ्या आईला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून मी बोटीवर पाय ठेवलेला नाही, तुला माहीत आहे. पण येते. भट्टी घेऊन येते, सालीचं पाणी घेऊन येते, आणि तुमच्या बाईंच्या डोळ्यांसमोर उकळून दाखवते. त्यांनी आधी मोजावं, मग मोजावं. तो पुरावा त्यांना पुरत नाही का? विचारून बघ.

तू नाही म्हणशील. आकडा तो आकडा, असं लिहिशील, आणि लपवलेल्या एका गोष्टीमुळे आपण सगळे एकमेकांच्या बाह्या हुंगत बसलो होतो, असंही लिहिशील, आणि तेही खरं असेल. मीच तुला खोटं बोललीस की जेवायला न देता वाढवलं आहे. तरी मागते. तिसरा हिस्सा अजून तिचाच आहे, नुन्झिया. तेवढा त्याला राहू दे.

नळीपेक्षा माझी माया जास्त धर.

तुझी मावशी,
कंदेलोरा